भाड्याच्या खोलीत वर्कशॉप आणि खालचं कार्पेट

मा. संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय घरगुती आहे पण आमच्याकडं यावरून मालक आणि भाडेकरूंची तोंडं वाकडी व्हायला लागलीत म्हणून लिहितोय. आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शेड घेणं सगळ्यांना परवडत नाही, मग अनगोळ, वडगाव, टिळकवाडी भागात एखादी खोली भाड्यानं घेऊन तिथंच काम सुरू होतं, कोण जॉबवर्कच्या पार्टची बर (धातूच्या कडेला राहिलेली खरखरीत धार) काढतंय, कोण शिलाई-पिकोच्या मशिनी टाकतंय. खाली शहाबादी फरशी असली तर प्रश्नच नाही, पुसलं की झालं. पण आधी ऑफिस असलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट चिकटवलेलं असतं, आणि खोली सोडताना डिपॉझिट नेमकं तिथंच अडकतं.

मी सुतारकाम करतो, अशा खोल्यांत प्लाय टाकायला मला बोलावतात, त्यामुळं जे बघतो ते सांगतो. बहुतेक लोक निळी ताडपत्री नाहीतर प्लॅस्टिक आणतात आणि थेट कार्पेटवर पसरतात. खुर्चीच्या चाकानं ते गोळा होतं, फाटतं, ते सोडा, पण आपल्याकडचा पावसाळा बघा की, जून लागला की भिंतीसुद्धा ओल्या लागतात, ती ओल प्लॅस्टिकखाली कोंडते आणि मशीन हलवली की असा कुबट वास येतो की मालक नाक धरूनच आत येतात. प्लॅस्टिक पाहिजेच, पण लाकडाच्या वर! खाली जुनी पांढरी सुती चादर (रंगीत नको, रंग उतरतो), त्यावर १२ मिमीचा प्लाय, आठ बाय चारच्या अख्ख्या शीट, आणि त्यावर जाड व्हिनाइल. ६ मिमीचा स्वस्त पडतो म्हणून घेतात पण टेबलाच्या पायाखाली तो वाकतो, सांधे उघडतात आणि सगळी घाण खाली जाते. टेप मारायची ती प्लायला, कार्पेटला नाही, त्याचा गोंद निघता निघत नाही. आणि पेपर अंथरू नका, ओल आली की शाई खाली लागते, साहेब राग मानू नका.

एक गोष्ट तर हात जोडून सांगतो, प्लाय हलतोय म्हणून वरून ड्रिल मारून स्क्रू ठोकू नका. ड्रिलच्या टोकाला कार्पेटचा धागा गुंडाळतो आणि फिरता फिरता अख्खी ओळ उसवत जाते, पार दारापर्यंत. भिंतीपासून भिंतीपर्यंत शीट बरोबर मापात बसवली तर ती हलतच नाही, स्क्रूची गरज काय?

लोखंडाचं काम असेल तर कीस हा खरा वैरी. तो कार्पेटच्या केसात अडकतो, झाडूनं अजून आत जातो, आणि दमट हवेत गंजला की तांबूस ठिपके पडतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक गुंडाळून वरनं फिरवायचं, पिशवी उलटी केली की कीस आपोआप आत राहतो. पितळ, ॲल्युमिनियमला हे चालत नाही, तिथं व्हॅक्यूमच. ठिपका पडलाच तर लिंबू-मीठ आधी कोपऱ्यात लावून बघा, ब्लीच अजिबात नको, गंजाचा डाग त्यानं अजून पक्का होतो. ऑईल सांडलं तर चोळायचं नाही, कापडानं टिपून घ्यायचं, वर खायचा सोडा टाकून रात्रभर ठेवायचा. ग्राइंडरची ठिणगी नायलॉनला लागली की तिथं कडक गाठच होते, त्याला इलाज नाही, ते काम घरात करूच नये असं माझं मत.

ज्याला लोक पीव्हीसी कार्पेट म्हणतात (म्हणजे गुळगुळीत प्लॅस्टिकचं, धाग्याचं नव्हे) त्याचं वेगळंच, त्यावर काळी रबरी मॅट टाकली की काही महिन्यांनी पिवळट-तपकिरी डाग उठतो आणि तो कशानंच जात नाही.

आता मालकांना पण सांगायचंय. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ बघा, ॲग्रीमेंटमध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर भाडेकरूनं जागा होती तशी परत द्यायची, पण नेहमीच्या वापरातली झीज त्याच्या माथी मारता येत नाही. तसंच राहायला म्हणून घेतलेल्या जागेत दुसराच उद्योग भाडेकरूला पण करता येत नाही. म्हणजे खोली वर्कशॉपसाठी आहे हे आधीच स्टॅम्पपेपरवर आलं पाहिजे, तोंडी "चालतंय की" म्हणून नंतर कार्पेटच्या नावानं पैसे कापणं बरोबर नाही. सामान आत जायच्या आधी दोघांनी मिळून मोबाइलवर कोपऱ्याकोपऱ्याचे फोटो काढावेत. कार्पेट चिकटवलेलं नसेल तर मालकांनी सरळ गुंडाळून माळ्यावर टाकावं, सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

आणि प्लायचा खर्च कोणी करायचा यावरून वाद नको, तो भाडेकरूनं करावा आणि जाताना शीट घेऊन जावं, पुढच्या जागेत त्याच्या फळ्या होतात.

आपला,
एक सुतार, अनगोळ, बेळगाव