नऊवीस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, "छोटी अठ्ठावीसच्या पुढे 'नऊवीस' म्हणते, शाळेतल्या बाकीच्यांना शंभरपर्यंत येतं." आणि तिच्यासमोरच पुढे, "माझ्यावर गेलीय, मीही गणितात ढच." फोनवर बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून लिहितेय.

अगं, नऊवीस ही चूक हुशारीची आहे. एकवीस ते अठ्ठावीस सगळ्यांच्या शेवटी वीस, मग एकोणतिसाला एकदम तीस कुठून आला? तिसाला एक उणा, हे तिला कोण सांगणार? 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकोणतीसला 'वीस नऊ' आलं तेव्हा मीही त्याविरुद्ध तावातावानं बोलले होते. आता वाटतं, दोन्ही म्हणू देत.

आणि तू ढ नव्हतीस. तेराच्या पाढ्यात अडलीस की मी पोळपाटावर लाटणं आपटायचे. तेरा सक अठ्ठ्याहत्तर तुला येत होतं, त्या आवाजानं पळायचं. दिवसभर बालवाडीत लोकांच्या पोरांना गोंजारायचं आणि घरी हे! 2015 साली अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांवरचा अभ्यास छापून आला. गणिताची धास्ती असलेले आईबाप गृहपाठाला वरचेवर बसले, तर मुलं वर्षभरात कमी शिकली आणि धास्ती मात्र त्यांनाही लागली. वाचलं आणि लाटणंच आठवलं.

रविवारी छोटीनं माझ्याकडे ताटल्या मांडल्या. बोट ठेवत एक, दोन, तीन, चार. "मग किती झाल्या गं?" विचारलं, तर पुन्हा एकपासून सुरू. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण, हे अजून बसायचंय. या वयात बऱ्याच जणांचं असंच असतं. मी म्हटलं, "चार ताटल्या आहेत. बाबा उशिरा येणार, एक आत ठेव." ठेवून आली, एक नजर टाकली आणि न मोजता म्हणाली, "तीन!" तिनापर्यंत नजरेलाच कळतं.

शिकागोच्या संशोधकांनी घरोघरी जाऊन आईबापांचं लहानग्यांशी बोलणं टिपलं होतं. समोरच्या चार ते दहा वस्तू मोजत, त्यांच्याबद्दल बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना पुढे संख्या चांगल्या समजल्या. तेव्हा तो शंभराचा तक्ता भिंतीवर राहू दे, पण लिंबं पिशवीतून काढताना तिला हाताशी घे. सापशिडीत सोंगटी सरकवताना दर वेळी एकपासून नको, घरांचे आकडे म्हणायला लाव: सतरा, अठरा, एकोणीस. हेही तपासलेलं आहे, त्यानं आकडे पक्के होतात.

शनिवारी मीच तिला खारला आणून सोडते. दादरला गाडीत बसलो की माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, चार बोटं उघडायची आणि स्टेशन गेलं की एक मिटायचं. मागच्या खेपेला माहीम सुटल्यावर उरलेली दोन बोटं समोरच्या बाईंना दाखवत होती. त्या बिचाऱ्या सरकून जागा करायला लागल्या.

तुझी,
आई