शाल-श्रीफळाची घाई नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्याकडच्या एका गावाची बातमी होती. अकरा जणांनी ग्रामसभेत दारू सोडल्याची शपथ घेतली, सरपंचांनी शाल-श्रीफळ दिलं आणि आपण नावांसह फोटो छापलात. हेतू चांगलाच होता. तरी फोटो पाहून माझ्या पोटात गोळा आला. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका रांगेत मी उभा होतो. माझी शाल सतरा दिवस टिकली. अठराव्या दिवशी केळीचा माल कटला, रोख पैसे हातात आले आणि घराऐवजी मी ढाब्यावर उतरलो. पुढे गावात माझं नाव 'शालवाला' पडलं. ते ऐकायला नको म्हणून आणखी दोन वर्षं प्यायलो.

दारू मी पन्नासदा तरी सोडली असेल. सोडणं मला छान जमायचं. न पिता राहणं जमत नव्हतं, आणि ते शिकवणारं गावात कोणी नव्हतं.

ते मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या निनावी गटाच्या, मीटिंगमध्ये शिकलो. तिथे फी नाही, शपथ नाही. पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन या गावी दोन दारुड्यांच्या भेटीतून उभी राहिली. एक शेअर बाजारातला बिल, दुसरे शल्यचिकित्सक डॉक्टर बॉब. बिलला भेटल्यावर डॉक्टर काही आठवडे कोरडे राहिले, मग एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे पुन्हा प्यायले. परत आल्यावर १० जूनला घेतला तो त्यांचा शेवटचा घोट, आणि तोच दिवस चळवळीचा जन्मदिवस मानतात. त्यांना मधेच कोणी शाल पांघरली असती तर काय झालं असतं, असं मला नेहमी वाटतं. वृत्तपत्रात सभासदाचं नाव-फोटो येऊ द्यायचा नाही, हे या मंडळींच्या अकराव्या परंपरेतच (गट चालवायच्या तत्त्वांना ते 'परंपरा' म्हणतात) लिहिलेलं आहे. पाय घसरला, ज्याला आम्ही 'स्लिप' म्हणतो, तर माणसाला गुपचूप परत येऊन खुर्चीवर बसता आलं पाहिजे. फोटो छापून आलेल्याला ती वाट अवघड होते.

शपथ जन्माची असते, आमचा हिशेब चोवीस तासांचा. आज प्यायचं नाही, उद्याचं उद्या. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण पोळा, आखाजी, भाच्याचं लग्न अशी सगळी वर्षं एकदम डोळ्यांपुढे आणली की छाती दडपते. आजची संध्याकाळ निभावता येते.

आणखी एक गोष्ट तिथे कळली. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार वेळा सांभाळायच्या. आम्हा शेतकऱ्यांना तर चारही एकाच रात्री गाठतात. लाइट येते रात्री बाराला, उपाशीपोटी केळीला पाणी द्यायचं, मोटार जळाली की संताप, आणि बोलायला चिटपाखरू नाही. त्या वेळी बाटली आठवतेच. आता मी पिशवीत भाकरी-ठेचा नेतो आणि एका जुन्या सोबर, म्हणजे दारू सुटलेल्या, मित्राला फोन लावतो. तोही शेतकरीच, जागाच असतो.

दोन गोष्टी मात्र जिवावरच्या आहेत. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. आपल्याकडे त्याला 'बाहेरचं झालं' म्हणतात आणि भगताकडे नेतात. यात माणूस दगावतो. शपथेच्या मांडवात सरपंचांच्या शेजारी डॉक्टर हवा, तो यासाठी. दुसरी गोष्ट चहात गुपचूप टाकायच्या पुड्यांची. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर असतात, आपल्या अंकाच्या शेवटच्या पानावरही असतात. राग मानू नका. पुडीत काय आहे हे घरच्या बाईला कोण सांगणार? डायसल्फिराम नावाची गोळी खरी आहे, पण ती रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असते. ती पोटात असताना दारू पडली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्याला माहीतच नाही तो पिणारच.

माझ्या बायकोने पुडी आणली नाही. टपरीवरची माझी उधारी फेडणं आणि 'त्यांना ताप आहे' असं लोकांना सांगणं, या दोन गोष्टी तिने बंद केल्या. तेव्हा मी तिच्यावर फार चिडलो होतो.

त्या अकरा जणांचं पुढे काय झालं, हे वर्षभराने जरूर विचारा, पण त्यांच्यापैकी कोणाचं नाव छापू नका. जाहिरातीच्या जागी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ छापलीत तर उपकार होतील.

येत्या रविवारी भावाच्या मळ्यात भरीत पार्टी आहे. अंधार पडला की 'एक घोट तं ले ना भो' सुरू होईल. वांगी भाजायचं काम माझ्याकडे आहे. पानं वाढली की मी सातच्या आत घरी येणार, माझ्या वाटचं भरीत डब्यात घेऊन.

आपला,
एक वाचक, ता. रावेर
(कृपया नाव छापू नये)