पाचशे सेन्सर सतरा शाखांतच संपले : नेटवर्क मॉनिटरिंग सॉफ्टवेअरबाबत तक्रार

प्रति,
मा. विक्री व्यवस्थापक,
पुणे कार्यालय

विषय : नेटवर्कवर नजर ठेवण्यासाठी आम्हाला विकलेले सॉफ्टवेअर आमच्या नेटवर्कला न पुरल्याबाबत

महोदय,

आमच्या पतसंस्थेच्या सांगली जिल्ह्यात २६ शाखा आहेत, शिराळ्यापासून जतपर्यंत. कुठे फायबर, कुठे लीज्ड लाइन, तर कुठे नुसत्या फोर-जी राउटरवर काम चालते. हे सगळे तुमच्या प्रतिनिधीला पहिल्याच भेटीत लेखी दिले होते. त्याने तो कागद बॅगेत ठेवला आणि डेमो मात्र स्वतःच्या लॅपटॉपवरच्या दहा उपकरणांचा दाखवला. जिल्ह्याचा नकाशा, त्यावर हिरवे ठिपके. चेअरमन साहेबांना नकाशा फार आवडला. खरे सांगायचे तर मलाही आवडला होता.

कोटेशनमध्ये 'पाचशे सेन्सर, ७० उपकरणांना भरपूर' असे लिहिले आहे. पण तुमच्याकडे सेन्सर म्हणजे नजर ठेवायची एकेक बाब, त्यामुळे २४ पोर्टचा (केबल जोडायच्या जागांचा) एक स्विच म्हणजे एक उपकरण नसून २४ सेन्सर असतात. त्यात पिंग (उपकरण उत्तर देते का याची तपासणी), सीपीयू आणि मेमरी धरली की २७. सतरा शाखा जोडल्या आणि पाचशे भरले. उरलेल्या नऊ शाखांचे काय, असे विचारले तर उत्तर आले, 'पोर्ट कमी करा, फक्त अपलिंक (शाखेबाहेर जाणारी मुख्य जोडणी) ठेवा.' मग कॅशियरच्या काउंटरची केबल उंदराने कुरतडली तर आम्हाला कळणार कसे? ते कळावे म्हणूनच तर पैसे मोजले.

हा झाला हिशोबाचा भाग. पुढची चूक मला जास्त गंभीर वाटते. मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरच्या गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसच्या) लाइनचा आलेख ११४ एमबीपीएसच्या वर कधी जातच नाही. तुमच्या इंजिनिअरने तो दाखवून 'लाइन रिकामी आहे, वाढवायची गरज नाही' असा शेराही मारला. इकडे रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत रेंगाळतो. शोध घेतल्यावर कळले, की सगळी उपकरणे त्याने एसएनएमपी (उपकरणांकडून आकडे मागवण्याची पद्धत) व्हर्जन १ वर जोडली आहेत. व्हर्जन १ ला ६४ बिटचा काउंटर (लाइनवरून गेलेला डेटा मोजणारा आकडा) वाचता येत नाही, आणि ३२ बिटचा काउंटर भरलेल्या गिगाबिट लाइनवर सुमारे ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. तुम्ही तो वाचता दर पाच मिनिटांनी. मोटारसायकलचे ट्रिप मीटर मध्ये आठ वेळा शून्यावर येऊन गेले आणि आपण शेवटचा आकडा बघून 'गाडी फार फिरली नाही' म्हणायचे, तसे हे झाले. मी एका जुन्या डेस्कटॉपवर झॅबिक्स हे दुसरे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर टाकून त्याच पोर्टचा ६४ बिटचा काउंटर वाचला. बॅकअपच्या वेळी लाइन जवळजवळ पूर्ण भरलेली होती. झॅबिक्सच्या लायसन्सला एक रुपया लागला नाही.

शिवाय व्हर्जन १ मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे आकडे मागवायचा पासवर्डच, उघडीच जाते, आणि तीही तुम्ही 'पब्लिक' अशीच ठेवली आहे. पडताळणी आणि एन्क्रिप्शन असलेले व्हर्जन ३ हे २००२ पासून पूर्ण मानक आहे. पैशांचा व्यवहार करणाऱ्या संस्थेत असे चालते का?

आता मागच्या महिन्यातली पहाट. ४:५० ला मुख्य कार्यालयाची लाइन गेली आणि वीस मिनिटांत आपोआप परत आली. बिघाड एकच, पण लाइनपलीकडच्या प्रत्येक सेन्सरने आधी 'डाउन' आणि मग 'अप' असा वेगळा एसएमएस पाठवला. एकूण ४१२. सर्व्हरचे जीएसएम मोडेम ते एकामागून एक सोडत राहिले आणि फोन खाटेवर थरथरत राहिला. शेवटी मी तो उशीखाली दाबला. त्याच रांगेत आटपाडीचा यूपीएस बॅटरीवर गेल्याचा एसएमएस होता. बॅटरी संपली, यूपीएस बंद पडला आणि वीज आल्यावरही बटण दाबल्याशिवाय सुरू झाला नाही. शाखेचा काउंटर बारा वाजता उघडला. त्या दिवशी दुधाच्या बिलाचे वाटप होते. दहा दिवसांच्या पैशासाठी आलेले लोक दारात उभे होते आणि शाखाधिकारी त्यांना 'नेट नाही' म्हणत होते.

मुख्य लाइन पडली तर तिच्यामागच्यांनी गप्प बसावे, ही डिपेंडन्सीची सोय तुमच्या वरच्या एडिशनमध्ये आहे म्हणे. हे कोटेशन देताना का सांगितले नाही? पसरलेल्या नेटवर्कला पहिली गरज तिचीच असते.

तरी पंधरा दिवसांत अनुभवी इंजिनिअर सांगलीला पाठवून सर्व उपकरणे व्हर्जन ३ आणि ६४ बिट काउंटरवर आणावीत, २६ शाखा पोर्टसह बसतील एवढे लायसन्स आणि डिपेंडन्सीची सोय जादा पैसे न घेता द्यावी. जमणार नसेल तर तसे लेखी कळवून भरलेली रक्कम परत करावी. दुसरा हप्ता तोपर्यंत रोखून ठेवला आहे. आणि येणाऱ्या इंजिनिअरने डेमोचा लॅपटॉप आणू नये. त्याला आधी आटपाडीला नेणार आहे.

आपला,
सिस्टिम विभाग प्रमुख,
मुख्य कार्यालय, सांगली

सोबत : कोटेशनची प्रत, दोन्ही आलेख, ४१२ एसएमएसची यादी