मॉडेल विमानाचा तोल उड्डाणाआधीच पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरून कातळसडे (जांभ्याची उघडी पठारे) कोरडे झाले की रत्नागिरी-गुहागर पट्ट्यात रिमोटवर उडणारी विमाने बाहेर निघतात, आणि तरुणांची ओढ साहजिकच स्पिटफायर, हरिकेन, मस्टँग अशा दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांकडे असते. ही मॉडेल्स उडतात झोकात, पण उतरताना मोडतात आणि खापर वाऱ्यावर फुटते. माझ्या मते बहुतेक वेळा दोष तोलाचा असतो.

लढाऊ विमानाचे नाक बहुधा आखूड आणि शेपूट लांब असते. त्यामुळे शेपटीकडे थोडे जरी वजन वाढले, तरी ते सावरायला नाकात त्याच्या दुप्पट-तिप्पट शिसे घालावे लागते. गुरुत्वमध्य, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोलले जाते तो, साधारणपणे पंखाच्या पुढच्या कडेपासून सरासरी रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर यावा; निर्मात्याने खूण दिली असेल तर तीच प्रमाण मानावी. बॅटरी जागेवर बसवून, पंख खाली जोडलेले विमान उलटे करून, दोन्ही पंखांच्या खुणांखाली बोटांची टोके धरावीत. नाक किंचित खाली झुकले तर ठीक. शेपूट खाली गेली तर आधी बॅटरी पुढे सरकवावी, शिसे त्यानंतर. बॅटरीची ठरलेली जागा पेन्सिलीने आखून ठेवावी, कारण दुसऱ्या उड्डाणासाठी घाईत बदललेली बॅटरी बोटभर मागे बसली तरी विमान वेगळेच वागू लागते. चाके मागच्या बाजूला दुमडणारी असतील तर ती दुमडूनही तोल पाहावा.

शेपटीला जड विमान वेग कमी होताच नाक वर काढते. लढाऊ विमानांचे पंख टोकाला निमुळते आणि पंखांच्या मानाने वजन जास्त. अशा वेळी पंखाचे टोक आधी उचल गमावते, विमान एका कुशीवर कलंडते आणि जमिनीलगत ते सावरायला उंचीच उरत नाही. म्हणून थ्रॉटल (मोटरची ताकद कमी-जास्त करणारी कळ) एकदम बंद न करता, थोड्या ताकदीवर, नाक जरा खाली ठेवून यावे. चाके टेकायच्या बेतात आली की मगच थ्रॉटल पूर्ण बंद करावा. फ्लॅप (उतरताना खाली झुकवायच्या पंखाच्या मागच्या पट्ट्या) प्रथमच वापरायचे असतील तर ते उंचावर उघडून विमान नाक कसे फिरवते ते आधी पाहून घ्यावे.

वाऱ्याचाही वाटा आहेच, पण तो आधी ओळखता येतो. आपला किनारा दक्षिणोत्तर पसरलेला. दुपारचे खारे वारे पुळणीवर उतरणाऱ्या विमानाला आडवेच लागतात. स्पिटफायरची चाके जवळजवळ असल्याने ते अशा वेळी सहज पंखावर पडते. हरिकेनची चाके रुंद अंतरावर असल्याने ते त्या मानाने निभावते. पहाटेचे मतलई वारे सहसा मंद असतात, तेव्हाच सराव करावा. सड्यावर वाऱ्याला सामोरे येता येईल अशी दिशा निवडता येते, हा त्याचा मोठा फायदा. मात्र जांभ्याच्या खाचखळग्यांत चाक अडकू नये म्हणून पट्टा आधी पायी फिरून पाहावा.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील चिपी येथे विमानतळ आहेत, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरील हवाई क्षेत्राचा नकाशा पाहिल्याशिवाय कोणी उडवू नये, हेही सांगितले पाहिजे.

किनाऱ्यावरील महोत्सवांत अशा उड्डाणांची प्रात्यक्षिके ठेवणाऱ्या आयोजकांना आपल्या पत्रातून कळकळीची विनंती आहे की, प्रत्येक मॉडेलचा तोल बॅटरीसह तपासल्याशिवाय त्याला उडू देऊ नये आणि प्रेक्षकांना उतरण्याच्या पट्ट्यालगत नव्हे, तर उडवणाऱ्याच्या बरेच मागे उभे करावे. तसेच जिल्ह्यातील तंत्रनिकेतनांनी पावसाळ्यात, उड्डाणे बंद असतात तेव्हा, तोल साधण्याची एखादी कार्यशाळा घ्यावी. त्यासाठी मोकळे मैदान लागत नाही, एक टेबल आणि वजनकाटा पुरतो.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी