पेव कोंडलंय

विश्रामबाग, सांगली
२३ जून

प्रिय मित्रा,

तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकदाही उलट फोन केला नाही. राग मानू नकोस. अण्णा घरी आहेत, बरे आहेत, हे आधी सांगून टाकतो. जे झालं ते फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय. शिवाय तू तिकडे नागपूरला मुलांना मेडिसिन शिकवतोस, तेव्हा हे तुलाच सांगायला हवं.

मे महिन्याच्या शेवटी अण्णांचं जेवण एकदम कमी झालं. ताप नाही, खोकला नाही. आई म्हणाली, ऊन बाधलंय. मीही तेच धरून चाललो. तिसऱ्या दिवशी ते आमराईत फिरायला गेले नाहीत, तेव्हा कुठे मी त्यांच्या छातीला स्टेथो लावला. उजव्या बाजूला खाली न्यूमोनिया होता. ८१ वर्षांच्या माणसाला न्यूमोनियात ताप यायलाच हवा असं नाही, हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखायलाच हवं असंही नाही. कधी कधी नुसतं ताट बाजूला सारणं हेच एकमेव लक्षण असतं. हे मला माहीत होतं, पण आपल्या घरातल्या माणसाच्या बाबतीत वेळेवर आठवलं नाही.

ॲडमिट केलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, अँटिबायोटिक अचूक होतं, ऑक्सिजन वेळेवर मिळाला. न्यूमोनियाची काळजी उत्तम घेतली गेली. पण ज्याला न्यूमोनिया झाला होता त्या म्हाताऱ्या माणसाकडे कुणी पाहत नव्हतं, आणि त्या कुणीमध्ये मीही होतो.

हरवतील म्हणून चष्मा आणि कानाचं यंत्र पहिल्याच दिवशी आमच्या हातात देण्यात आलं. आम्ही ते घरी आणून कपाटात ठेवलं. उठताना पडू नयेत म्हणून डायपर लावला. दुसऱ्या रात्री अंगाला खाज सुटली, तेव्हा अविलचं इंजेक्शन दिलं, पुढच्या दिवशीही दिलं. तिसऱ्या संध्याकाळी अण्णा बदलले.

तुला आठवतं ना, अण्णा आयुष्यभर हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. तरुणपणी हरिपूरला पेवं भरायला-उपसायला जायचे. तू सुट्टीत आला होतास तेव्हा त्यांनी आपल्याला नेऊन दाखवलं होतं, जमिनीत खोल खोदलेली ती हळदीची कोठारं. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यायची, हे त्यांनी किती बजावून सांगितलं होतं. त्या रात्री ते पलंगावर बसून चादरीची टोकं चिमटीत धरत होते आणि कट्कन मोडल्यासारखं करून डोळ्यांजवळ नेत होते. आधी मला कळेना. मग लक्षात आलं, ते हळकुंड मोडून आतला रंग बघत होते. "ह्यो माल ओला हाय रं, घेऊ नका." आणि दर पाच मिनिटांनी, अगदी काकुळतीला येऊन म्हणत, "पेव कोंडलंय. झाकण काढा. आत लई कोंडलंय."

अण्णांनी सलाइन दोनदा उपसून काढलं. मग बँडेजच्या पट्टीनं दोन्ही मनगटं पलंगाच्या दांड्याला बांधली. झोपेचं, लोराझेपामचं इंजेक्शन देऊ का, असं मला विचारलं आणि मी हो म्हणालो. सकाळी अण्णा गप्प होते. हाक मारली तर डोळे किलकिले करायचे, परत मिटायचे. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, "आता शांत आहेत. या वयात असं होतंच, घरी गेल्यावर सुधारतील." मीही मान डोलावली. मी स्वतः एमडी मेडिसिन, गेली अठरा वर्षं प्रॅक्टिस करतोय. डिलिरियममध्ये, आजारपणात अचानक येणाऱ्या त्या भ्रमात, गडबड करणाऱ्या पेशंटपेक्षा झोपाळलेला पेशंट जास्त हातचा निसटतो, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. तरी मान डोलावली.

पाचव्या रात्री ड्यूटीवर एक नवी आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर होती, पंचविशीची मुलगी. केसपेपर उघडायच्या आधीच तिनं मला विचारलं, "सर, आजोबा आठ दिवसांपूर्वी कसे होते?"

तोवर हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी सांगितलं, रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, हळदीचा भाव तोंडपाठ, बँकेत स्वतः जायचे. ती म्हणाली, "मग चार दिवसांत एवढं कसं बदललं?" आणि तिनं त्यांच्या पोटावर हात ठेवला. बेंबीपर्यंत मूत्राशय फुगलं होतं. डायपर ओला दिसायचा म्हणून सगळ्यांनी धरून चाललं होतं की लघवी होतेय. तुंबलेल्या टाकीतून थेंब थेंब सांडत होतं तेवढंच. प्रोस्टेट आधीच वाढलेलं, त्यात लघवी अडवणारं अविल. कॅथेटर घातला तेव्हा पिशवीत ९०० मिली आलं.

दोन रात्री तो माणूस कोंडलंय म्हणून सांगत होता, मित्रा. मी शेजारी स्टुलावर बसून होतो.

पट्ट्या तिनंच सोडल्या. मनगटावरची साल गेली होती, तिथे तिनं मलम लावलं. चष्मा आणि यंत्र घेऊन या म्हणाली, झोपेचं इंजेक्शन आणि अविल बंद करूया का ते सकाळी सरांना विचारते म्हणाली. तुला हे कुणी शिकवलं, असं मी तिला विचारलं. "शिकवलं नाही सर. जतला माझ्या आजोबांचं असंच झालं होतं." म्हणजे तिचे आजोबा आजारी पडले नसते, तर माझे वडील त्या रात्रीही बांधलेलेच राहिले असते. हे मला झोपू देत नाही.

आपण बालरोग शिकलो तेव्हाचं आठव. स्वतंत्र विषय, स्वतंत्र पोस्टिंग, वजनावर डोस, आणि पहिल्याच तासाला सांगितलेलं वाक्य की मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. म्हाताऱ्या माणसाबद्दल तसं एक वाक्य आपल्या वाट्याला आलं नाही. त्याच्या किडनीचं काम मंदावलेलं असतं, तहान कमी लागते, शरीरात पाणी कमी नि चरबी जास्त असते, म्हणून तेच औषध तेवढ्याच डोसमध्ये वेगळं वागतं, हे आपण सुटं सुटं वाचलं. ते एका माणसात जोडून कुणी दाखवलं नाही. जेरियाट्रिक्सचं, म्हणजे वृद्धांच्या वैद्यकाचं, एमडी मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ मध्येच सुरू झालं होतं, पण आपल्या होस्टेलवर त्याचं नाव कुणी काढल्याचं मला आठवत नाही. इंग्लंडात मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंनी १९३५ पासून वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळवून ठेवलेल्या म्हाताऱ्यांना एकेक करून तपासलं, उठवलं, चालवलं, कित्येकांना घरी पाठवलं. अण्णा झोपलेले असताना मी त्यांच्याबद्दल वाचत होतो आणि मला आपल्या वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटा आठवत होत्या. राउंड तिथे आला की आपला वेग वाढायचा. तुझाही, माझाही.

२०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात मेडिसिनखाली जेरियाट्रिक्सचं प्रकरण आलंय, हे तू मला सांगितलंस तेव्हा बरं वाटलं होतं. पण प्रकरण पाठ होतं आणि सवय लागत नाही. २०११ च्या जनगणनेतच साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर होती. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सरकारी दवाखान्यात त्यांच्यासाठी वेगळी रांग ठेवायला सांगितलंय, वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्धांचा वॉर्ड धरलाय. खाट मिळेलही. पण त्या खाटेशी उभा राहणारा डॉक्टर पोटावर हात ठेवेल का, हा प्रश्न तुझ्या हातातला आहे.

घरी आणलं तेव्हा अण्णांना खुर्चीतून उठता येईना. निरोगी वृद्धांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवून केलेला एक अभ्यास आहे, त्यात पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू कमी झालेले दिसले. अण्णा नऊ दिवस पडून होते, तेही आजारी. पहिल्या दिवशी आंघोळ घालताना मी त्यांच्या मांड्या पाहिल्या आणि आईनं बघू नये म्हणून पंचा घट्ट गुंडाळला. वॉर्डात तिसऱ्या दिवसापासून दोघांनी धरून खुर्चीत बसवलं असतं तरी पुष्कळ फरक पडला असता. त्याला ना मशीन लागतं, ना पैसे.

माझ्या ओपीडीत मी आता दोन गोष्टी सुरू केल्यात. तासगाव, कवठे महांकाळ, अथणीकडून येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला सांगतो, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. परवा एका आजींच्या पिशवीत एकच बीपीची गोळी तीन नावांनी निघाली, तीन डॉक्टरांची. त्यातली एक मीच लिहिलेली होती. आणि डिलिरियमची शंका आली की दोन मिनिटांची ती फोर-एटी चाचणी करतो. त्यात महिने उलटे म्हणायला सांगायचे असतात. डिसेंबर-नोव्हेंबर म्हटलं की आमचे लोक गोंधळतात, म्हणून मी फाल्गुनापासून मागे यायला सांगतो. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष. गावाकडच्या बायका धडाधड म्हणतात. जी पौषापाशी अडखळते आणि शून्यात बघते, तिच्या लेकाला मी विचारतो, आठ दिवसांपूर्वी आई कशी होती?

तुझ्याकडे मागणं एवढंच आहे. तुझ्या युनिटमधल्या प्रत्येक इंटर्नला एक रात्र एका म्हाताऱ्या पेशंटच्या उशाशी बसव. प्रोसीजर करायला नव्हे, नुसतं बसायला. तो काय बडबडतो ते केसपेपरवर त्याच्याच शब्दांत लिहायला लाव. "असंबद्ध बोलणे" असं लिहू देऊ नकोस. आणि राउंड कोपऱ्यातल्या खाटेपासून सुरू कर.

अण्णा आता काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. कॅथेटर निघालाय. संध्याकाळी थोडा गोंधळ अजून होतो, पण रोज कमी. हॉस्पिटलातलं त्यांना फारसं आठवत नाही, फक्त एकदा मला विचारलं, "मला बांधलं होतं का रे?" मी हो म्हणालो. ते बराच वेळ मनगट चोळत बसले, पुढे काही बोलले नाहीत.

पाऊस सुरू झालाय, आयर्विन पुलाखालचं पाणी अजून खालीच आहे. गणपतीत ये. अण्णांनी तुझी दोनदा चौकशी केलीय. आल्यावर त्यांच्या समोर बस आणि डाव्या बाजूनं बोल, यंत्र त्या कानात आहे.

तुझाच,
रूम पार्टनर