बाबा, उजवा ब्रेक पण वापरा ना!

प्रिय आई-बाबा,

फोनवर स्कूटर चालवण्याचा विषय काढला की बाबा म्हणतात "इतकी वर्षं चालवतोय, आता काय शिकायचंय" आणि आई लगेच भलताच विषय काढते, म्हणून लिहूनच पाठवतेय, निवांत वाचा. स्कूटर बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, तुम्ही आपापले बाहेर पडता, कुणाची वाट बघत बसत नाही, हे मलाही हवंच आहे. फक्त आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या पटांगणात नुसत्या प्रॅक्टिससाठी गाडी काढत जा. कामाला जाता जाता नाही, वेगळी. आणि हेल्मेट तिथेही घालायचं, पट्टा लावून.

बाबा, तुम्ही वर्षानुवर्षं चालवताय हे खरंच आहे, पण त्यात जीव खाऊन ब्रेक दाबायची वेळ कितीदा आली? फार कमी, आणि ते चांगलंच झालं, पण मग ऐनवेळी जे लागतं त्याचा हाताला सरावच नाही ना. रोजच्या चालवण्याने सवयी पक्क्या होतात, चुकीच्या पण. तुमच्या मागे बसते तेव्हा मी बघते, उजवा ब्रेक, म्हणजे पुढच्या चाकाचा, तुम्ही जवळजवळ वापरतच नाही. गिअरच्या जुन्या स्कूटरचा मागचा ब्रेक पायात असायचा, तुम्ही तोच दाबत आलात, आता तो डाव्या हातात आला एवढाच फरक. शिवाय कुणीतरी डोक्यात भरवून दिलंय की पुढचा दाबला की माणूस हँडलवरून उडतो. अहो, ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं, म्हणजे थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्येच, आणि नुसता मागचा जोरात दाबलात तर चाक लॉक होऊन गाडी मागून घसरते. पुढच्याने पडतात ते तो एकदम कचकन दाबल्यामुळे, नाहीतर हँडल वळलेलं असताना दाबल्यामुळे.

तर करायचं असं, गाडी सरळ, हँडल सरळ, नजर समोर लांब, दोन्ही लिव्हर एकत्र, आधी हलके आणि मग लिंबू पिळतो तसा जोर वाढवत न्यायचा. तुमच्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) नाहीये, त्यामुळे चाक लॉक झाल्यासारखं वाटलं की क्षणभर सोडून परत दाबायचं. पहिल्यांदा २० च्या स्पीडला, अंगवळणी पडलं की ३०. खडूने एक रेघ मारून ठेवा, रेघेवर ब्रेक दाबायला सुरुवात करायची आणि कुठे थांबलो ते पावलांनी मोजायचं. बाबांना गणित आवडतं म्हणून सांगते, स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. आणि ४० ला असताना समोर काही दिसून ब्रेकपर्यंत हात जाईपर्यंत एक सेकंद जरी गेला तरी गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक तर अजून लागलेलाच नाही! वय वाढलं की हा सेकंद लांबतो, राग मानू नका. गर्दीत दोन बोटं आधीपासूनच लिव्हरवर ठेवली तर त्यातला थोडा तरी परत मिळतो.

आई, तुझं वेगळंच. ब्रेक तू बाबांपेक्षा बरा मारतेस (हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव), पण गाडी जरा हळू झाली की दोन्ही पाय बाहेर काढून लोंबकळत ठेवतेस, त्याने तोल सावरत नाही, उलट जातो. होतं काय की तू घाबरून रेस पूर्ण सोडतेस, तेवढ्या कमी स्पीडला इंजिनचा जोर चाकाला मिळायचा बंद होतो आणि गाडी डगमगायला लागते. त्यापेक्षा रेस किंचित चालू ठेव आणि डावा ब्रेक हलका धरून त्यानेच स्पीड कमी-जास्त कर, पाय फूटबोर्डवर. मग मोठा आठचा आकडा काढत फिर, जमला की लहान कर, यू टर्न आपोआप सुधारेल. मान वळवून जिथे जायचंय तिथे बघायचं, चाकाकडे नाही. खड्ड्याचंही तेच, त्याच्याकडे बघत राहिलीस की गाडी बरोब्बर त्यातच जाते, आणि स्कूटरची चाकं छोटी असल्याने दणका मोटरसायकलपेक्षा जास्त बसतो.

पाऊस पडून गेल्यावर रस्त्यावरचे रंगाचे पट्टे आणि लोखंडी झाकणं भयंकर निसरडी असतात, त्यांच्या आधीच स्पीड कमी करायचा, त्यांच्यावर असताना ब्रेक नाही आणि वळणं नाही. हे मात्र मुद्दाम करून बघू नका, लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि बाबांची मान! आरशात सगळं दिसत नाही, वळायच्या आधी खांद्यावरून मागे एक नजर टाकावीच लागते. आधी मेन स्टँडवर गाडी लावून बसल्या बसल्या करून बघा, हँडल न हलवता मान किती वळते ते कळेल. नसेलच वळत तर डॉक्टरांना दाखवा, टाळू नका. हवा मात्र निघायच्या आधी, टायर गार असताना चेक करायची, चालवून आल्यावर आकडा जास्त दाखवतो.

पहिल्या वेळी आईने आधी चालवावी, बाबा बाजूला उभे राहून सूचना देत बसतील आणि मग त्यांना राहवणार नाही. रेघेपासून किती पावलांवर थांबलात ते दोघांनी मला कळवायचं, आणि बाबांनी आकडा कमी करून सांगितला तर आई, खरा आकडा तू मला वेगळा मेसेज कर.

तुमचीच,
लेक