पत्रिका तुमच्या नावानं गेली, बाबा

हैदराबाद,
२३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

घरून परत येऊन दहा दिवस झाले. रोज रात्री फोन करते, पण बाबांच्या खात्यातून पैसे चोरीला गेले, त्या विषयावर गाडी आली की बाबा "हं, बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून पत्र लिहितेय. पत्र आलं की बाबा चष्मा पुसून दोनदा वाचतात, हे मला ठाऊक आहे.

निघायच्या आदल्या रात्री तुमची हिशेबाची वही टीव्हीशेजारी उघडी होती. मी मुद्दाम बघितली नाही बाबा, पण दिसली. दूध, गॅस, आईच्या गोळ्या, आणि त्याखाली ८ नोव्हेंबरच्या तारखेला लाल शाईनं, "माझी चूक – ४२,४९९." डेपोत चौतीस वर्षं हिशेब ठेवलेल्या माणसाचं ते अक्षर. बाकीच्या ओळी पट्टीनं आखल्यासारख्या सरळ, ही एकच खाली घसरलेली. तेव्हापासून ती ओळ डोळ्यांसमोरून हलत नाही.

आपल्याकडे कॉम्प्युटर आला २००१ साली, पतपेढीचं कर्ज काढून. आईनं त्याला क्रोशाचं झाकण विणलं होतं आणि पुढच्या खोलीत चप्पल घालून यायची बंदी होती, धुळीनं व्हायरस येतो म्हणून. आमच्या शाळेतही कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांची रांग लागायची. मग क्लासच्या सरांनी सांगितलं की २६ एप्रिलला कॉम्प्युटर लावायचा नाही. बाबांनी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला आणि आई म्हणाली, म्हणजे ग्रहणासारखंच की. सरांचं म्हणणं खरं होतं. तैवानच्या चेन इंग-हाऊ नावाच्या विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच हा व्हायरस १९९९च्या २६ एप्रिलला जागा झाला आणि देशोदेशींच्या कॉम्प्युटरांमधली माहिती पुसून गेला. काही मशिनींची तर आतली चिपच निकामी झाली. चेर्नोबिलची दुर्घटना १९८६ साली त्याच तारखेला झाली होती, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले.

त्या काळात घरात रुजलेली समजूत अजून तशीच आहे, हे या खेपेला लक्षात आलं. आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "यांच्या फोनला व्हायरस लागलाय." बाबांनी फोन बंद करून, रुमालात गुंडाळून कपाटावर ठेवला होता, आणि आईचा फोन तिथून उचलून स्वयंपाकघरात नेला होता, त्याला लागण होऊ नये म्हणून. ते बघून मला भरून आलं. पण बाबा, शेजारी ठेवल्यानं तो लागत नाही आणि धुळीनंही येत नाही. शब्दच असा पडलाय की ऐकलं की तापाची साथ आठवते. साथ आली की कुणी मुद्दाम पाठवलीय असं आपण म्हणत नाही. उलट आपणच काहीतरी पथ्य मोडलं असेल, असं वाटतं आणि माणूस खजील होतो. इथे मात्र पाठवणारं कुणीतरी असतं. तुमच्या फोनमध्ये आलेला प्रोग्रॅम माणसांनी बसून, विचार करून लिहिला होता. तो लिहिताना तुमच्यासारखा माणूस काय उघडेल आणि का उघडेल, हे त्यांनी नीट हेरलं होतं.

तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं. पत्रिका यायचेच दिवस. व्हॉट्सअ‍ॅपवर डेपोतल्या जुन्या सहकाऱ्याच्या नावानं पत्रिका आली. आपल्याकडे कुणी पत्रिका पाठवली आणि आपण उघडूनसुद्धा पाहिली नाही, तर तो त्या घराचा अपमान होतो. तुम्ही उघडलीत. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ होतं. पत्रिका म्हणजे चित्र, फार तर पीडीएफ. एपीके म्हणजे मात्र आख्खं अ‍ॅप. ती फाइल उघडणं म्हणजे पाकीट फोडून पत्रिका वाचणं नव्हे, पाकिटातून आलेल्या माणसाला घरात राहायला जागा देणं. फोननं एकदा विचारलं होतं की बाहेरून आलेलं हे अ‍ॅप घेऊ का. मग अ‍ॅपनं विचारलं, मेसेज वाचू का, फोनमधले नंबर बघू का. तुम्ही ‘अलाऊ’ दाबत गेलात, कारण त्याशिवाय पत्रिका दिसेना. एकदा मेसेज वाचायची मुभा मिळाली की ओटीपी तुमच्याआधी त्यांच्याकडे पोचतो.

कॉम्प्युटरसाठी दरवर्षी अँटिव्हायरस घेता, तरी हे कसं झालं, असं तुम्ही विचारलंत. तो होता कॉम्प्युटरवर, आणि हे घडलं फोनवर. फोनमध्ये घातक अ‍ॅप हुडकणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट असतं. ते चालू राहू द्यायचं, कुणी बंद करायला सांगितलं तरी करायचं नाही. पण घरमालकानं स्वतःच दार उघडलं की कुलपाचा इलाज चालत नाही, आणि ही माणसं नेमकं दार उघडायला लावण्यातच तरबेज आहेत.

ही युक्ती नवी नाही. २००० सालच्या मे महिन्यात जगभरातल्या लोकांना ईमेल यायला लागली: विषय ‘आय लव्ह यू’, सोबत एक प्रेमपत्र. ओळखीच्याच माणसाकडून आलेलं. फाइलच्या नावात ‘टीएक्सटी’ दिसायचं, म्हणजे साधा मजकूर. त्यापुढची ‘व्हीबीएस’ ही खरी तीन अक्षरं विंडोज सहसा दाखवतच नसे. उघडलं की ते फायलींवर बोळा फिरवायचं आणि त्या माणसाच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना त्याच्याच नावानं पुढे जायचं. त्याची सुरुवात फिलिपिन्समधून झाली. लिहिणारा ओनेल दे गुझमान नावाचा तरुण होता, पण तेव्हा त्या देशात अशा गुन्ह्याला लागू पडेल असा कायदाच नव्हता, त्यामुळे तो सुटला. बाबा, ते प्रेमपत्र मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या शिकल्यासवरल्या लोकांनी उघडलं होतं. पंचवीस वर्षांत प्रेमपत्राची लग्नपत्रिका झाली, बाकी सगळं तेच आहे.

"आपल्याकडे आहे काय चोरायला? पेन्शन तेवढी." हे तुम्ही किती वर्षं म्हणत आलात. मीही कधी खोडून काढलं नाही, ही माझी कसूर. त्यांनी तुम्हाला निवडलं नव्हतं. कोळी जाळं टाकतो तेव्हा मासा कोणता ते ठरवून टाकत नाही. आणि तुमच्याकडे पेन्शनपेक्षा मोठं काहीतरी होतं, तेच त्यांनी आधी उचललं. तुमचं नाव. तुमच्या फोनमधल्या दीडशेएक माणसांना पत्रिका गेली ती तुमच्या नावानं. ‘भाऊंनी पाठवलीय’ म्हटल्यावर डोळे झाकून उघडावी, अशी पत तुम्ही चौतीस वर्षांत कमावलीत. तुम्हीही तशाच एका भल्या माणसाच्या नावावर भरवसा ठेवून उघडलीत. त्याला बावळटपणा म्हणायला माझं मन तयार नाही. ती लाल ओळ खोडा असं सांगणार नाही, तुमच्या वहीत खाडाखोड नसते. तिच्यापुढे एक शब्द लिहा: चोरी.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला जड जातंय, पण लिहायलाच हवं. २४,९९९ रुपये गेले गुरुवारी रात्री. शुक्रवारी दुपारी तुम्ही पासबुक भरून आणलंत, तुम्हाला कळलं, आणि तुम्ही जेवून न बोलता पडून राहिलात. आईला वाटलं पित्त झालंय. १७,५०० गेले ते त्यानंतर, शुक्रवारी रात्री. मला फोन आला शनिवारी रात्री नऊला. शुक्रवारी दुपारीच कळवलं असतं, तर ती दुसरी रक्कम बहुधा वाचली असती. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक आहे. ग्राहकाच्या हातून काही चुकलं असलं, तरी त्यानं बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातात त्याची जबाबदारी बँकेवर येते. कळवण्याआधीचे मात्र ग्राहकाचे गेले. म्हणजे आपलं किती नुकसान होणार, हे आपण किती लवकर तोंड उघडतो यावर ठरतं. आपण शनिवारी रात्री १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, तेव्हा पैसे एका खात्यातून दुसऱ्यात निघून चालले होते, तरी नऊ हजार वाटेत अडवले गेले. तेवढ्यानं माझा त्या नंबरवर विश्वास बसलाय.

तुम्ही का नाही सांगितलंत, तेही मला माहीत आहे. मी ओरडेन असं वाटलं. मागच्या दिवाळीत तुम्ही तिसऱ्यांदा पासवर्ड विसरलात तेव्हा मी ज्या सुरात बोलले, तो सूर तुम्ही विसरला नाहीत. मीही नाही. बाबा, मला माफ करा. यापुढे रात्री दोनला उठवा, ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोन करा, मी त्या सुरात बोलणार नाही.

आई, तुझ्याबद्दल लिहायचं आहे. अळूवडीची कृती वाचताना पडदा लाल झाला, फोन थरथरायला लागला आणि ‘तुमच्या मोबाइलमध्ये १३ व्हायरस’ असं आलं, तेव्हा तू खालच्या ‘दुरुस्त करा’ला हात न लावता सगळं बंद केलंस आणि भाजी निवडायला बसलीस. मला सांगताना तू घाबरत सांगितलंस, की मी काही बिघडवलं तर नाही ना. तू अगदी बरोबर केलंस. कुठल्याही वेबसाइटला आपल्या फोनमधले व्हायरस असे मोजता येत नाहीत. ती नुसती घाबरवणारी जाहिरात असते आणि ते बटण दाबलं की नको ते अ‍ॅप गळ्यात मारतात. खरा व्हायरस सहसा आल्याची दवंडी पिटत नाही, बाबांच्या फोनमध्ये आला तसा गपचूप बसतो. त्यामुळे असं काही आरडाओरडा करायला लागलं की तू केलंस तेच करायचं, आणि बाबांनाही शिकवायचं.

पुन्हा असं काही झालंच, तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा आणि आईच्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा. मग मला. मी तिसरी. फोन लगेच फॉरमॅट मारायला त्या कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊ नका, तक्रारीसाठी ते मेसेज आणि ती फाइल लागते. आणि रात्री फोन अपडेट मागतो तेव्हा बाबा ‘नंतर’ दाबतात, ते सोडा. डेटा संपतो, फोन मंद होतो, हे सगळं मान्य. पण २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला आणि इंग्लंडमधल्या इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या, तेव्हा त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच देऊन ठेवलं होतं. ते ज्यांनी टाकून घेतलं नव्हतं, त्यांच्याच मशिनी तो धरत गेला. डेटाचं रिचार्ज मी जास्तीचं मारून ठेवलंय.

एक गोष्ट मी इथे सगळ्यांना सांगते. मी घरी पोचले त्या सोमवारी बाबांनी जुनी फोनची डायरी काढली, लँडलाइनच्या काळातली, आणि अ-पासून सुरुवात केली. आईचा फोन कानाला, डायरीवर पेन्सिलीनं खूण. "जाधव, माझ्या नावानं पत्रिका आली असेल तर उघडू नका. ती माझी नाही. माझ्याकडनं उघडली गेली, म्हणून तुम्हाला सांगतोय." प्रत्येकाला हेच वाक्य, शेवटचा भागसुद्धा न गाळता. दोन दिवसांत ज्ञ पर्यंत पोचलात. जाधवकाकांनी तोवर ती उघडली नव्हती, उघडायच्या बेतात होते. तुमचं गेलेलं नाव तुम्ही असं एकेका घरून परत आणलंत, आणि मी शेजारी बसून ते ऐकलं.

बाबांचा फोन मी साफ करून दिलाय, त्यात मेसेज वाचायची परवानगी आता फक्त मेसेजच्याच अ‍ॅपला आहे. बँकेत नवीन कार्डाचं पत्र आलं का तेवढं विचारा, आणि सायबर पोलिसांच्या तक्रारीची पावती निळ्या फाइलमध्ये आहे, ती काढू नका. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला द्यायचं आई म्हणत होती. संक्रांतीपर्यंत थांब. त्याच्या हार्ड डिस्कवर आजीचे फोटो आहेत, आणि बाबांची जुनी बँकेची कागदपत्रंही. मी येऊन डिस्क काढून घेते, मग बाकीचं खोकं देऊन टाक. क्रोशाचं झाकण मात्र मला हवंय.

तुमची,
मनू